अकरा दिव्यांची खोली

लग्न झालं तेव्हा ती अठ्ठेचाळीसची होती आणि तो त्रेपन्नचा. दोघांचंही पहिलंच. ती शहरातल्या बससेवेत ड्रायव्हर, तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक. डेपोच्या ऑफिसातली लिफ्ट वर्षभर रडतखडत चालत होती, त्यातूनच दोघांची ओळख झाली. डेपोतले लोक म्हणायचे, याने लिफ्ट मुद्दामच पुरती दुरुस्त केली नाही. तो म्हणायचा, मोटरच जुनी होती. लग्न ठरलं त्याच महिन्यात लिफ्ट सुरळीत झाली, एवढं मात्र खरं.

कचेरीत सह्या झाल्या, तिच्या धाकट्या बहिणीने फोटो काढले, आणि संध्याकाळी ती दोन बॅगा आणि स्वतःची उशी घेऊन त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी राहायला आली. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. घर नीटनेटकं होतं. एकट्या पुरुषाच्या घरात असते तशी भांड्यांची रास नव्हती, टॉवेलही जागच्या जागी होता. ती मनोमन खूश झाली. दोघं एकमेकांना अजून अहो-जाहोच करत होती. या वयात "तू" म्हणायला जीभ पटकन वळत नाही.

रात्री त्याने आतल्या खोलीतला मोठा दिवा घालवला आणि ती अवाक झाली. खोलीत अंधार झालाच नाही. कोपऱ्यातल्या वायफायच्या डब्यावर तीन निळे दिवे, त्यातला एक सारखा मिचमिचत होता. टीव्हीच्या खाली लाल ठिपका. एसीवर हिरवट सव्वीसचा आकडा. टेबलावरच्या घड्याळाचे लालभडक आकडे. प्लगांच्या पट्टीवर एक, डासांच्या मशीनवर एक, दाढीच्या यंत्राच्या चार्जरवर एक, डास मारायच्या रॅकेटवर एक. आणि तिच्या बाजूच्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांसमोर, स्टॅबिलायझरचा हिरवा दिवा. तिने मोजले. अकरा भरले.

"अहो," ती म्हणाली, "आपल्या लग्नाची रोषणाई अजून उतरवली नाही वाटतं."

"कुठली रोषणाई?" त्याने खरोखरच विचारलं. त्याला ते दिवे दिसतच नव्हते. दिवसभर लिफ्टच्या बटणांत आणि पॅनेलमध्ये डोकं घालणारा माणूस तो. दिवा लागलेला म्हणजे सगळं ठीक. जो दिवा लागलेला आहे त्याच्याकडे बघायचं कारणच काय?

तिचं अगदी उलट. लग्नाआधी ती आणि बहीण राहायच्या त्या घरात तिची खोली मागच्या बाजूला होती, खिडकी बोळात उघडणारी. दिवा घालवला की हाताला हात दिसायचा नाही. पहाटेची पाळी असणाऱ्या माणसाला याहून मोठं सुख नाही. साडेतीनला उठायचं, साडेचारला डेपोत, पाचला पहिली बस. म्हणजे नऊला डोळा लागायलाच हवा.

पहिल्या आठवड्यात तिने निमूटपणे उपाय करून पाहिले. टीव्हीवर टॉवेल टाकला. घड्याळ पालथं घातलं, तर आकड्यांचा लाल उजेड टेबलाच्या काचेत पसरला आणि आधी होता त्यापेक्षा जास्त दिसायला लागला. वायफायच्या डब्यावर त्याचा मोजा चढवला, तर सकाळी डबा तव्यासारखा तापलेला. बहिणीने डोळ्यांवर बांधायची पट्टी पाठवली. ती बांधली की डोळ्यांच्या ऑपरेशननंतर पडून राहिल्यासारखं वाटायचं. शेवटी उशीखाली डोकं खुपसून झोपायला लागली, तर मान धरली.

त्याला तसं सांगावंसं तिला वाटेना. माणूस इतका चांगला. ती साडेतीनला उठायची तेव्हा हाही उठायचा, चहा करायचा, डबा भरायचा, खाली फाटकापर्यंत सोडायला यायचा. अशा माणसाला आल्या आल्या काय सांगायचं, की तुमचे दिवे बंद करा?

तिसऱ्या आठवड्यात मात्र नको ते झालं. सकाळी पावणेआठची वेळ, बस भरलेली. मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. ती ब्रेकवर पाय ठेवून थांबली होती. सिग्नल हिरवा झाला. तिने तो हिरवा दिवा पाहिला आणि डोळे मिटून घेतले. झोपायच्या खोलीत हिरवा दिवा दिसला की जसे रोज मिटायची तसे.

"ताई," मागून कंडक्टर म्हणाला. मग जरा मोठ्याने, "ताई, हिरवा झालाय."

मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट केला होता. तिने डोळे उघडले, गाडी काढली, पुढच्या स्टॉपवर उतरून बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं. दोन-तीन सेकंदांचीच गोष्ट, गाडी उभी होती, कुणाला काही झालं नाही. पण बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

फेरी संपल्यावर कंडक्टर चहाचे दोन ग्लास घेऊन तिच्याशेजारी येऊन बसला. वर्षभरात निवृत्त होणारा माणूस. तिच्या गाडीवर आठ वर्षं होता. तिने सगळं सांगून टाकलं.

"मग नवऱ्याला सांगा की."

"नवीन नवीन लग्न, दादा. त्यांना वाटेल, बाई आली नाही तोच घर उलटंपालटं करायला लागली."

"आणि तुम्ही बस कुणाच्या दुकानात घातलीत म्हणजे त्यांना बरं वाटेल?"

कंडक्टरने पिशवीतून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं. तिकिटाच्या मशीनचा फुटलेला कोपरा तो त्या पट्टीनेच बांधून ठेवायचा. "न्या. माझ्याकडे आणखी आहे."

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सिग्नलची गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा उतरला. "मला आधी का नाही सांगितलंत?" एवढंच म्हणाला, आणि स्वतः कात्री घेऊन आला. ती पट्टी कापून देई, तो चिकटवी. एसीच्या आकड्याला तीन थर लागले. घड्याळ बाहेरच्या खोलीत गेलं. स्टॅबिलायझरपाशी तो जरा थांबला, अंगठ्याने दिवा पुसल्यासारखं केलं आणि मग त्यावरही पट्टी लावली.

"चालेल ना तुम्हाला?" तिने विचारलं.

"न चालायला काय झालं? घर तुमचंच आहे."

त्या रात्री ती दगडासारखी झोपली. साडेतीनला गजर झाला तेव्हा कूससुद्धा बदललेली नव्हती. शेजारी मात्र तो नव्हता. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होता, चहाचं आधण आधीच ठेवलेलं. "जाग आली लवकर," तो म्हणाला. तिला ते गोड वाटलं.

दुसऱ्या रात्री मधेच तिचे डोळे उघडले तर समोर हिरवा दिवा. पट्टी निघाली होती. सकाळी तिने नवी लावली. रात्री पुन्हा निघालेली. तिने परत लावली, या वेळी आडवी आणि उभी. सकाळी तीही गायब, आणि केराच्या डब्यात नीट गोळी करून टाकलेली.

"पट्टी कोण काढतं?" तिने चहा पिता पिता विचारलं.

तो कपात बघत होता. "गोंद चांगला नसेल."

"नऊ ठिकाणी चांगला आणि दहाव्याच ठिकाणी वाईट?"

"भिंतीला ओल आहे थोडी तिकडे."

इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता. पण तिला हसू आलं नाही, उलट आत कुठेतरी लागलं. तोंडाने म्हणायचं घर तुमचंच, आणि रात्री उठून माझी पट्टी काढायची. दुपारी तिने बहिणीला फोन लावला.

"त्यांच्या वस्तू आहेत, इतकी वर्षं एकटे राहिलेत. जिवाला लागत असेल," बहीण म्हणाली. "एक दिवा राहू दे की त्यांच्यासाठी."

"तोच नेमका माझ्या डोळ्यांवर येतो."

"मग बाजू बदल."

"बदलून पाहिली. समोरच्या कपाटाच्या आरशात दिसतो."

"मग आता मी काय सांगू? घटस्फोटाच्या अर्जावर स्टॅबिलायझर असं कारण लिहिता येतं का, विचारून बघते."

त्या संध्याकाळी तो कामावरून येताना पट्टीचं नवं रीळ घेऊन आला. लिफ्टच्या मोटरीच्या तारांना लावतात ती, जाड, न निघणारी. न सांगता खुर्चीवर चढला आणि स्टॅबिलायझरच्या दिव्यावर ती चार बोटं रुंद लावून, नखाने कडा दाबून खाली उतरला. "आता नाही निघायची," म्हणाला. जेवताना तिने त्याच्या ताटात न विचारता आणखी एक चपाती वाढली.

रात्री किती वाजले होते कोण जाणे. घड्याळ बाहेर होतं. तिला जाग आली ती कशाने ते आधी कळेना. खोलीत मिट्ट काळोख. मग कळलं, तिच्या नाकापाशी कुणाचा तरी हात होता. अंगाला न लागता, नुसता धरलेला.

"कोण आहे?" ती ताडकन उठून बसली.

"मी आहे, मी," तो पलंगाच्या कडेला वाकून उभा होता. "झोपा तुम्ही. काही नाही."

"काही नाही काय? काय करत होतात?"

पलंग त्याच्या बाजूने थोडा खचला. तो बसला होता.

"श्वास बघत होतो," तो म्हणाला. "तुमचा."

"माझा? मला काय झालंय?"

"काही नाही झालं. पण अंधारात कळत नाही. तुम्ही घोरत पण नाही हो. घोरला असतात तर बरं झालं असतं."

तिला क्षणभर हसू आलं, पण त्याचा आवाज ऐकून तिने ते गिळलं. उशी मागे लावून टेकून बसली. "सांगा," म्हणाली.

मग त्याने सांगितलं. त्याची आई याच खोलीत होती, शेवटची अडीच वर्षं. फुप्फुसं गेली होती, रात्री ऑक्सिजनचं मशीन लागायचं. पलंगाच्या त्या बाजूला, जिथे आता ती झोपते, तिथे आई, आणि खाली गादी टाकून हा. तो स्टॅबिलायझर त्या मशीनसाठीच आणला होता. विजेचा दाब जरा हलला की मशीन कोकलायचं, म्हातारी दचकून उठायची आणि मग पहाटेपर्यंत धाप लागायची. शेवटी तीच म्हणाली, बाबा रे, तो भोंगा काढून टाक. त्याने भोंग्याची तार सोडवली. मग उरला नुसता दिवा. स्टॅबिलायझरचा हिरवा असेपर्यंत मशीनला वीज नीट मिळतेय. लाल झाला की उठायचं, सिलिंडर लावायचा.

"अडीच वर्षं मी त्या दिव्याकडे तोंड करून झोपलो," तो म्हणाला. "तासातासाला एक डोळा उघडायचा. हिरवा दिसला की मिटायचा."

"आणि?"

"त्या रात्री दोनला पाहिला, हिरवा. चारला पाहिला, हिरवा. सहाला चहा घेऊन गेलो तर आई थंड होती. डॉक्टर म्हणाले, मध्यरात्रीच गेल्या असतील, झोपेत, त्रास नाही झाला. मशीन चालूच होतं. वीज एकदाही हलली नव्हती."

बाहेर कुठेतरी मोटारसायकल सुरू झाली आणि लांब गेली. तिने अंधारात चाचपून त्याचा हात शोधला. तळहात खरखरीत होता, ग्रीसचा वास साबणाने कधी पुरता जायचाच नाही.

"म्हणजे दिव्याने तुम्हाला फसवलंच की," ती हळूच म्हणाली.

"दिव्याची काय चूक? त्याचं काम त्याने केलं."

"मग आता कशाला हवा तो?"

"ते मलाही कळत नाही. दिसला की डोळा मिटतो. नाही दिसला की वाटतं, कुठेतरी काहीतरी बंद पडलंय आणि मला पत्ता नाही." मग म्हणाला, "पण तुमची बस महत्त्वाची. पन्नास माणसं असतात. म्हणून जाड पट्टी आणली. मला वाटलं, होईल मला सवय."

"आणि तोवर रोज माझ्या नाकाला हात लावून बसणार होतात?"

"लावला नव्हता. नुसता धरला होता."

आता मात्र ती हसली. तोही हसला, ओशाळून. त्या रात्री दोघंही पुन्हा झोपले नाहीत. साडेतीनपर्यंत गप्पा मारत बसले, आणि मग तिने बावीस वर्षांत पहिल्यांदा डेपोत फोन करून सांगितलं की आज झोप झालेली नाही, गाडी दुसऱ्या कुणाला द्या.

दिवसभर ती त्या खोलीत फिरून बघत राहिली. कपाटाच्या तळाशी आईची शाल होती, खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली अडकवायची तार अजून गुंडाळलेली. भिंतीला पलंगामागे एक फिकट चौकोन होता, मशीन टेकून असायचं तिथे. तिला वाटलं, आपण इतके दिवस दिव्यांशी भांडतोय, आणि हा माणूस रोज रात्री इथे ड्युटीवर येतोय.

संध्याकाळी तो आल्यावर ती म्हणाली, "पलंग बाहेरच्या खोलीत नेऊया."

"आणि सोफा?"

"तो आत. तुमचं वायफाय, टीव्ही, रॅकेट, सगळं आतच, घड्याळही परत आत. तिथे बसून खुशाल बघा काय बघायचं ते. बाहेरच्या खोलीत प्लग एकच आहे, त्यावर काही लावायचं नाही."

"आणि हा?" त्याने स्टॅबिलायझरकडे बघितलं.

"त्याच्यावरची पट्टी काढा. त्याला कशाला कोंडायचं? त्याला आतच राहू दे, आपण निघू."

तो खुर्चीवर चढला, नखाने ती जाड पट्टी सोडवायला लागला. तिचा गोंद इतका चांगला होता की रंगाचा पापुद्राच निघाला.

रविवारी कंडक्टर मदतीला आला. पलंग सागवानी, आईच्या काळातला, खोलीतच जोडलेला. दारातून सबंध निघेना. स्क्रू गंजलेले. लिफ्टवाल्याने पाने, तेल, हातोडी आणून पाऊण तासात तो सोडवला. डोक्याकडची फळी उचलताना मात्र तिची बाजू निसटली.

"अगं धर, धर, पायावर घेशील," तो ओरडला.

तिने धरली. फळी भिंतीला टेकली. कंडक्टर स्क्रू वेचत होता. मान वर न करता म्हणाला, "चला, ताई. लग्न आज लागलं म्हणायचं."

तिने पदराने घाम पुसला आणि पाणी आणायला गेली. कान लाल झालेत हे तिचं तिलाच कळत होतं.

सगळं एका रात्रीत सुरळीत झालं असं नाही. बाहेरच्या खोलीत काळोख पडला की पहिले काही दिवस तो तळमळायचा. तिने त्याला बजावून ठेवलं होतं, की वाटलं तर मला उठव, नाकापाशी हात धरून बसू नकोस. तसा तो उठवायचा. "आहेस ना?" "आहे." एवढंच. ती अर्धवट झोपेत बोलायची आणि परत झोपायची. सकाळी तिला आठवायचंही नाही. हिरव्या दिव्याने जाग यायची तशी त्याच्या हाकेने तिची झोप मोडत नव्हती, याचं तिलाच नवल वाटायचं. एकदा तर तिने झोपेतच "पुढे सरका, पुढे जागा आहे," असं उत्तर दिलं, आणि तो एकटाच अंधारात कितीतरी वेळ हसत राहिला.

मग हळूहळू रात्रीतून तीनदाचं दोनदा झालं, दोनदाचं एकदा. तिच्या लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही. खिडकीतल्या तारेची गाठ तिने एका दुपारी सोडवली आणि शाल धुऊन आपल्या अंथरुणात घेतली. आतल्या खोलीला दोघं "मशीनघर" म्हणायला लागले. बहीण राहायला आली की तिथल्या सोफ्यावर झोपायची आणि सकाळी म्हणायची, विमानतळावर झोपल्यासारखं वाटतं.

चारेक महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. साडेनऊ वाजले होते. ती कधीचीच उठून भाजी निवडत बसली होती. दार किलकिलं करून पाहिलं तर पाचव्या मजल्यावरचे काका, हातात दुधाच्या पिशव्या.

"लिफ्टवाले आहेत का? लिफ्ट तळमजल्यावर अडकलीय, दार उघडत नाही."

"आत कुणी आहे?"

"नाही, रिकामीच आहे."

तिने मागे वळून पाहिलं. पडद्यातून ऊन थेट पलंगावर आलं होतं, त्याच्या तोंडावर. तो पालथा, एक हात खाली लोंबकळत, तोंड उघडं, आणि बारीक आवाजात घोरत होता. साडेतीनला न उठता, कुणाचा श्वास न बघता.

"ते झोपलेत," ती म्हणाली.

"या वेळेला? तब्येत बरी आहे ना?"

"एकदम बरी आहे. उठले की पाठवते."

काकांनी जिन्याकडे आणि मग आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. ती बाहेर आली, पाठीमागे दार अलगद ओढून घेतलं आणि त्यांच्या हातातल्या दोन्ही पिशव्या घेतल्या.

"चला, मी येते वरपर्यंत," ती म्हणाली. "सावकाश चढू. पण जरा हळू बोला, काका."